दंभ, ढोंग आणि सोंग : समीक्षेतील एका शब्दाच्या वापराविषयी

१

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना आलेला एक अनुभव प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांवर प्रश्न विचारलेला होता. ‘अदंभित्व’ या लक्षणाचे विवरण बहुतेक विद्यार्थ्यांनी एकाच रीतीने केले होते : अदंभित्व म्हणजे दांभिकपणा नसणे, मनात एक आणि आचरणात दुसरे, असे न वागणे. उत्तरे नीटनेटकी होती. मी त्यांना गुण दिले. गठ्ठा बांधून ठेवल्यावर सहज म्हणून मूळ ओव्या पुन्हा काढून वाचल्या, आणि ध्यानात आले की मन आणि आचरण यांतील विसंगतीविषयी ज्ञानदेव त्या ठिकाणी बोलतच नाहीत. ते अगदी निराळ्या गोष्टीविषयी बोलत आहेत. विद्यार्थ्यांची चूक झाली होती, आणि ती मीच शिकवलेली चूक होती.

त्यानंतर मी माझा स्वतःचा पीएच.डी.चा प्रबंध उघडला. ‘दांभिक’, ‘दांभिकता’, ‘दंभस्फोट’ ही रूपे त्यात पानोपानी विखुरलेली होती. कादंबरीतील सावकार दांभिक, नाटकातील समाजसेवक दांभिक, कवितेतील शहरही दांभिक! इतक्या निरनिराळ्या वृत्तींना एकाच शब्दाच्या दावणीला बांधल्यामुळे त्यांपैकी एकीचेही स्वरूप सांगायचे राहून गेले होते. हे माझ्या एकट्याच्याच बाबतीत घडले असते, तर त्याची वाच्यता करण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या काही दशकांतील कोणताही प्रबंध वा समीक्षालेख चाळला तरी ‘मध्यमवर्गीय दांभिकतेवर लेखकाने प्रखर प्रहार केला आहे’ अशा आशयाचे एखादे तरी वाक्य हमखास आढळते. हे वाक्य आता निर्णय राहिलेले नाही, सवय झाले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. खोट्या, बनावट किंवा देखाव्याच्या वर्तनासाठी मराठीजवळ दंभ, ढोंग, सोंग, भोंदूपणा, पाखंड असे अनेक शब्द आहेत. ते एकमेकांचे पर्याय नाहीत. प्रत्येकाने मानवी वर्तनाचा एक वेगळा प्रकार हेरलेला आहे. समीक्षेने त्या सर्वांना ‘दांभिकता’ या एकाच शब्दात कोंबले. याचा परिणाम दुहेरी झाला आहे. जुने ग्रंथ आपण चुकीचे वाचतो आणि नवे ग्रंथ अपुरे वाचतो.

२

प्रथम ‘दंभ’ हा शब्द घेऊ. संस्कृतातील ‘दभ्’ अथवा ‘दम्भ्’ या धातूत इजा करणे आणि फसवणे असे दोन्ही अर्थ आहेत. अमरकोशाने तर कपट, व्याज, छद्म, कैतव यांच्या पंक्तीलाच दंभाला बसवले आहे. तेव्हा ‘दंभ म्हणजे फसवणूक’ हा अर्थ अर्वाचीन आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. तथापि गीतेच्या भाष्यपरंपरेत या शब्दाला एक विशिष्ट वळण मिळाले. तेराव्या अध्यायातील ‘अदंभित्व’ या पदावर भाष्य करताना शंकराचार्यांनी दंभित्वाचा अर्थ ‘स्वधर्माचे प्रकटीकरण’ असा दिला आहे, आणि सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या आरंभीच दंभ येतो, तेथे त्याचा अर्थ ‘धर्मध्वजित्व’, म्हणजे धर्माचा झेंडा मिरवणे, असा केला आहे. येथे धर्म खोटा आहे, असे म्हटलेले नाही. तो उघड केला, मिरवला, एवढाच दोष सांगितला आहे. सतराव्या अध्यायात दंभापोटी केलेल्या यज्ञाला आणि तपाला राजस म्हटले आहे. यज्ञ झाला आहे, तपही झाले आहे. दोष त्यांच्या हेतूचा आहे.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत हे वळण पूर्णत्वास जाते. सोळाव्या अध्यायात दंभाचे लक्षण सांगताना ज्ञानदेवांनी योजलेले दृष्टान्त पाहावेत. जननी तीर्थासारखी पवित्र, पण तिला चारचौघांत उघडी केली तर तीच अधःपाताला कारण होते. गुरूने दिलेली विद्या इष्ट फल देणारी, पण तिचा चव्हाट्यावर पुकारा केला की ती अनिष्ट ठरते. महापुरात बुडणाऱ्याला पैलतीरी नेणारी नाव डोक्याला बांधली, तर तीच बुडवते. या तिन्ही दृष्टान्तांतील मूळ वस्तू खरी आणि उत्तम आहे. आई खरी, विद्या खरी, नाव खरी. वाणीच्या चौकात धर्माचा पसारा मांडला म्हणजे धर्म हाच अधर्म होतो, आणि त्यालाच दंभ म्हणावे, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे तेराव्या अध्यायातील अदंभित्व उलगडते. लोभी मनुष्य प्राणावर बेतले तरी पुरलेल्या ठेव्याची जागा सांगत नाही. शेतकरी पेरलेले बी मातीने झाकतो. तसा ज्ञानी पुरुष आपले दानपुण्य झाकून ठेवतो. अदंभित्व म्हणजे खोटे न वागणे नव्हे. ते त्याहून पुष्कळ अवघड आहे. खरे असलेले, स्वतः कमावलेले पुण्य लोकांच्या नजरेआड ठेवणे म्हणजे अदंभित्व. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरानुसार जो मनुष्य बोलल्याप्रमाणे चालतो तो अदंभी ठरेल. ज्ञानदेवांच्या कसोटीला तोच मनुष्य आपल्या चालण्याची दवंडी पिटू लागला, तर पक्का दंभी ठरतो. दोन अर्थांतील हे अंतर किरकोळ नाही. पहिल्या अर्थाने नैतिक प्रश्न लबाडांपुरता उरतो. दुसऱ्या अर्थाने तो सज्जनांच्या दारी येऊन उभा राहतो.

३

आता ‘ढोंग’ आणि ‘सोंग’. हे दोन्ही शब्द उच्चारात जवळचे, आणि म्हणूनच की काय, आपण त्यांना जुळे भाऊ समजतो. भाषा मात्र त्यांना तसे वागवीत नाही. त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. सोंग आणतात, घेतात, काढतात, वठवतात. सोंग चांगले वठले तर त्याची वाहवा होते. ढोंग करतात, रचतात, माजवतात, आणि शेवटी ते उघडे पडते. ‘ढोंग छान वठले’ असे सहसा कोणी म्हणत नाही. आणि सोंग उघडे पडण्याचा प्रश्न बहुधा येत नाही, कारण ते मुळातच उघड असते. दंभाचा ‘स्फोट’ होतो. म्हणजे तो फुगलेला असतो. शब्दांच्या या संगतीतच त्यांची मीमांसा दडलेली आहे.

सोंग हे प्रेक्षकाच्या संमतीने घडते. एकनाथांच्या भारुडांचा जो प्रकार सोंगी भारूड म्हणून ओळखला जातो, त्यात सादर करणारा गोंधळी, जोशी वा वासुदेव होऊन येतो. तो खरा जोशी नाही हे श्रोत्यांना ठाऊक असते, आणि हे ठाऊक आहे म्हणूनच त्याच्या तोंडून आलेला परमार्थ त्यांना ऐकू येतो. नाशिक आणि पालघर जिल्ह्यांच्या आदिवासी भागातील बोहाड्यात मुखवटे चढवून देवादिकांची सोंगे नाचवली जातात. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील दशावतारात रंग चढवलेल्या नटासमोर प्रेक्षक हात जोडतो. सकाळी तोच नट शेतात वा दुकानात दिसतो आणि कोणालाही फसल्यासारखे वाटत नाही. बहुरूपी पोलिसाचा वेष घेऊन दारात येतो, दटावतो, आणि अखेर हसून धान्य वा पैसे मागतो. त्या अखेरच्या हसण्यात सोंगाची मर्यादा सांगितलेली असते. ते हसणे गाळले आणि वेष तसाच ठेवला, की सोंगाचे ढोंग होते.

यावर कोणी ‘झोपेचे सोंग’ या प्रयोगाकडे बोट दाखवील. झोपेचे सोंग घेणारा काही कोणाची संमती मागत नाही. आजारीपणाचेही सोंग आणि ढोंग असे दोन्ही प्रयोग रूढ आहेत. हा आक्षेप मान्य आहे. या दोन शब्दांमधली वेस कच्ची आहे, आणि ती ओलांडून माणसे रोज ये-जा करतात. पण वेस कच्ची आहे म्हणजे गावे दोन नाहीत, असे होत नाही. ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ या म्हणीत ‘सोंग’च्या जागी ‘ढोंग’ घालून पाहावे. म्हणीची मौजच नाहीशी होते. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हणही या दृष्टीने बोलकी आहे. कीर्तन आणि तमाशा हे दोन्ही सादरीकरणाचेच प्रकार आहेत, आणि म्हणीचा रोख सादरीकरणावर नाही. एक खेळ दाखवून दुसरा खेळ लपवण्यावर तिचा रोख आहे.

ढोंगात लपवणे असते आणि दंभात दाखवणे असते. ढोंगी जे नाही ते असल्याचे भासवतो. दंभी जे आहे ते गाजवतो. भोंदूची गोष्ट आणखी वेगळी. ‘भोंदणे’ या क्रियापदाला कर्म लागते. कोणाला तरी भोंदावे लागते. ढोंगी माणूस निर्जन बेटावर राहूनही कदाचित स्वतःशी ढोंग करील, पण भोंदूला गिऱ्हाईक हवे. तुकोबांच्या गाथेपासून वृत्तपत्रांतील ‘भोंदूबाबा’पर्यंत या शब्दाचा तोल सहसा सुटलेला नाही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्ध जो कायदा केला, त्याचा एक मोठा रोख ज्याला आपण भोंदूगिरी म्हणतो तिच्यावर आहे. दंभाविरुद्ध मात्र कोणताही कायदा करता येणार नाही, कारण त्यात फसवला गेलेला फिर्यादी नसतो. कायद्याला जे शब्द वेगळे ठेवावे लागतात ते समीक्षेने एक करावेत, हे विपरीत आहे.

४

ही सरमिसळ कशी झाली असावी? माझ्या मते तिचे एक महत्त्वाचे कारण भाषांतरात आहे. इंग्रजी शिक्षणाबरोबर ‘हिपोक्रसी’ ही संकल्पना आपल्याकडे आली आणि तिला प्रतिशब्द हवा झाला. मराठी बायबलात येशू ज्या परूशांना धारेवर धरतो, त्यांच्यासाठी ‘ढोंगी’ हा बोलभाषेतील शब्द योजला गेला. समीक्षेच्या आणि वैचारिक लेखनाच्या भाषेला मात्र संस्कृत वळणाचे भाववाचक नाम हवे होते. तेथे ‘दांभिकता’ स्थिरावली. गंमत अशी की मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘नट’ असा आहे. म्हणजे पाश्चात्त्य परंपरेत खोटेपणाची कल्पनाच रंगभूमीवरून उचललेली आहे. मराठीने नटाला ‘सोंगाड्या’ म्हणून निराळे घर दिले होते आणि त्याला लबाडाच्या शेजारी बसवले नव्हते. ‘हिपोक्रसी’चे भाषांतर ‘दांभिकता’ असे करताना आपण तिन्ही घरांच्या भिंती पाडल्या : नटाचे सोंग, लबाडाचे ढोंग आणि सज्जनाचा दंभ.

शब्दाचा अर्थ बदलतो तेव्हा त्यामागे अनेकदा सत्तेचा हात असतो, याचे उदाहरण म्हणून ‘पाखंड’ हा शब्द पाहता येईल. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ हा शब्द केवळ ‘संप्रदाय’ या अर्थाने येतो. सर्व पासंडांचा आदर करावा, असा त्या लेखाचा आशय आहे. पुढे वैदिक परंपरेच्या ग्रंथांत ‘पाषंड’ म्हणजे वेदबाह्य मताचा, धर्मभ्रष्ट, असा अर्थ रूढ झाला. हिंदीत तो आणखी घसरून ‘पाखंड’ म्हणजे सरळ ढोंग झाला. जो वेगळे मानतो तो आधी पाखंडी ठरला, आणि मग लबाड ठरला. मराठीत ‘पाखंडी’ या शब्दाला अजूनही ‘रूढ मत न मानणारा’ ही धार बऱ्याच अंशी शिल्लक आहे. अलीकडे हिंदीच्या प्रभावाने तीही बोथट होत आहे. ती गेली, तर बंडखोराला आणि भोंदूला एकाच शब्दाने हाक मारावी लागेल; आणि यात नुकसान कोणाचे होईल, हे सांगायला नको.

५

या भेदाचा आधुनिक साहित्याच्या वाचनाला काय उपयोग, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्यासाठी एक परिचित कृती घेऊ. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (प्रथम प्रयोग १९६७) हे नाटक अनेक ठिकाणी अभ्यासक्रमात राहिलेले आहे. त्यावरील उत्तरांचा ठरलेला समारोप म्हणजे ‘तेंडुलकरांनी मध्यमवर्गाची दांभिकता चव्हाट्यावर मांडली’ हा होय.

हे विधान तपासून पाहू. नाटकातील मंडळी एका गावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आली आहेत. रात्रीच्या प्रयोगाला अवकाश आहे. गावच्या सामंताला कोर्टाची पद्धत कळावी म्हणून ती गंमत म्हणून एक खटला चालवतात. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभे करतात, आणि आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा. म्हणजे आरंभी जे आहे ते शुद्ध सोंग आहे. सर्वांच्या संमतीचे, हसत सुरू झालेले. हळूहळू खेळातील आरोपात बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्याचे तपशील मिसळू लागतात. वेष तोच राहतो, संमती मात्र निघून जाते. आता इतरांच्या दृष्टीने हा खेळ आहे आणि एकटीच्या दृष्टीने नाही. शेवटी गावकरी येतात, मंडळी भानावर आल्यासारखी होतात, हा सगळा खेळच होता असा आव आणतात.

या ठिकाणी ‘दांभिकता’ हा शब्द वापरला की नाटकाची यंत्रणाच दृष्टीआड होते. काशीकर ढोंगी आहेत काय? मातृत्व आणि समाजधारणा यांविषयी ते जे बोलतात, ते त्यांना मनापासून खरे वाटत असावे, आणि म्हणूनच ते अधिक भयंकर आहे. ते स्वतःच्या समाजकार्याचा पुकारा करतात. तेवढ्यापुरते त्यांना ज्ञानदेवांच्या अर्थाने दंभी म्हणता येईल. परंतु नाटकाचे मर्म काशीकरांच्या दंभात नाही. सोंगाचा करार एका बाजूने मोडता येतो आणि मोडणारा पुन्हा त्याच कराराच्या आड लपू शकतो, हे तेंडुलकरांनी दाखवले आहे. बहुरूपी शेवटी हसतो तेव्हा तो समोरच्याची भीती परत घेतो. ही मंडळी हसतात तेव्हा स्वतःची जबाबदारी झटकतात. ‘आम्ही तर गंमत करीत होतो’ हे वाक्य आपण शाळेच्या मैदानावर, कार्यालयात, लग्नघरात अनेकदा ऐकलेले आहे. त्याची हिंसा ओळखायची तर सोंग आणि ढोंग यांतील वेस ठाऊक असावी लागते. ‘दांभिकता’ म्हणून मोकळे झालेल्या विद्यार्थ्याला ती दिसत नाही. शिवाय त्या शब्दाने त्याची स्वतःची सुटका होते, कारण दांभिक नेहमी दुसरे कोणी तरी असते.

६

शेवटचा मुद्दा आपल्या व्यवसायाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे निर्देशांक आणले. त्या पद्धतीत पुढे बदल होत गेले. परंतु तिने लावलेली सवय कायम राहिली. शोधनिबंध, चर्चासत्र, प्रमाणपत्र, प्रत्येकाला गुण. यातून निकृष्ट नियतकालिके निघाली, पैसे घेऊन लेख छापले गेले, ही भोंदूगिरी झाली. तिचा निषेध करणे सोपे आहे आणि आपण तो करतोही. अवघड गोष्ट वेगळी आहे. ज्यांनी खरोखर वाचले आहे, खरोखर शोध घेतला आहे, त्यांनाही आता आपली विद्या चौकात मांडल्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. खऱ्या विद्येचा हा पुकारा ज्ञानदेवांनी नेमका ओळखला होता. ‘दांभिक’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘लबाड’ असा करून ठेवल्यामुळे हा दोष ओळखायला आपल्याजवळ शब्दच उरलेला नाही. आम्ही लबाड नाही, तेव्हा आम्ही दांभिक नाही, असे म्हणून आपण निश्चिंत होतो.

संशोधन हे प्रकट करण्यासाठीच असते, ते झाकून कसे ठेवणार, असे येथे रास्तपणे विचारले जाईल. प्रस्तुत लेखही छापण्यासाठीच लिहिलेला आहे, आणि माझ्या नावासह. याचे उत्तर मला ज्ञानदेवांच्या त्या शेतकऱ्याच्या दृष्टान्तात सापडते. शेतकरी बी झाकतो ते लाजेने नव्हे. उघड्यावर राहिले तर ते पाखरे टिपतील, रुजणार नाही, म्हणून झाकतो. पीक आले म्हणजे ते झाकत नाहीत; ते खळ्यावर येते, घरोघर जाते. आणि धान्याच्या दाण्यावर पेरणाऱ्याचे नाव नसते. पीक लोकांपुढे आणावे, पेरणीचा गाजावाजा करू नये, एवढी मर्यादा संशोधकाला पाळता येण्याजोगी आहे.

त्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतील गुण मी बदलू शकलो नाही, कारण गुणतक्ता तोवर गेला होता. वर्गात मात्र आता अदंभित्व शिकवताना प्रथम तो शेतकरी येतो आणि ‘दांभिक’ हा शब्द त्या तासापुरता फळ्यावरून पुसलेला असतो. विद्यार्थी पहिल्यांदा गोंधळतात. लबाड माणसाविषयी बोलायचे असते तेव्हा त्यांना उदाहरणे लगेच सुचतात. चांगुलपणा मिरवणाऱ्या चांगल्या माणसाचे उदाहरण द्या म्हटले की वर्ग गप्प होतो. मग हळूच कोणी तरी स्वतःकडे पाहते. शब्दाचा अर्थ नेमका केल्याने एवढे जरी घडत असेल, तरी कोश उघडण्याचे श्रम वाया गेले, असे मला वाटत नाही.